वर्षाचं धान्य, दोन महिन्यांचा किराणा: घरची साठवण कशी करावी

युद्धाची बातमी आली किंवा ट्रकवाल्यांच्या संपाची नुसती कुजबुज झाली, की आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या दुकानात सगळ्यांना एकाच दिवशी तेलाचे डबे हवे असतात. "काकू, उद्यापासून मिळणार नाही म्हणतात, पाच डबे द्या." मी दोन देते. उरलेले तीन मागून येणाऱ्या तिघींसाठी लागतात.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी अफवा उत्तर भारतात पसरली आणि लोकांनी किलोला दोनदोनशे रुपये मोजले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ कुठे संपतंय? पण प्रत्येक भीती खोटी असते असंही नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा सूर्यफूल तेल खरोखर महागलं, कारण आपल्या देशातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. तेव्हा साठवण कराच. मात्र ती बातमी ऐकून करू नका, नवं पीक बाजारात उतरलं की करा.

आधी कागद घ्या आणि घरात महिन्याला काय संपतं ते लिहा. दोन्ही वेळेला पोळ्या होणाऱ्या चौघांच्या घरात साधारण १५ किलो गहू, ५ किलो तांदूळ, अडीच किलो तूरडाळ आणि ४ लिटर तेल जातं. तुमचा आकडा वेगळा येईल, तोच धरा. धान्य वर्षाचं, डाळी सहा महिन्यांच्या आणि तेल-साखर-चहा दोन महिन्यांचा, एवढं घरात असलं की बातम्या शांतपणे ऐकता येतात. जे या कागदावर नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी आणू नका.

नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, गहू मार्च-एप्रिलमध्ये, इगतपुरी-त्र्यंबककडचा इंद्रायणी तांदूळ दिवाळीच्या आगेमागे. वर्षाचा मसाला करायचा तर मिरची उन्हाळ्यातच घ्यावी. पावसाळी हवेत ती मऊ पडते आणि कुटायला त्रास देते.

गव्हाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच अडकतात. लोकवन घ्या नाहीतर शरबती, पण पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला दाणा काढून बघा. दाताखाली तो कट्कन वाजला पाहिजे. दबला, तर त्यात ओल आहे, आणि ओल असली की कीड आलीच. घरी आणल्यावर चाळून, निवडून गच्चीवर जुन्या साडीवर पातळ पसरा आणि दोन कडक उन्हं द्या. संध्याकाळी लगेच कोठीत ओतू नका. गरम गहू झाकला की आत वाफ धरते आणि पुढे कुबट वास येतो. रात्रभर घरात निवू द्या, सकाळी भरा. कोठी कोरडी हवी, काठोकाठ भरलेली हवी आणि झाकण घट्ट हवं. आत हवा जितकी कमी, तितके टोके, म्हणजे धान्यातले किडे, कमी. डाळींना एरंडेलाचा हात लावा. तळहातावर थोडं तेल घेऊन दाणे दोन्ही हातांनी चोळायचे, डाळ नुसती चकाकली की थांबायचं. तेल गळू लागलं तर जास्त झालं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. गोदामात धान्याला वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी कितीही आपुलकीने दिल्या तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत धान्य ठेवून या गोळ्या टाकल्याने माणसं, लहान मुलं दगावली आहेत. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही मी वापरत नाही. आपल्याच तोंडात जाणाऱ्या धान्यात विष कशाला कालवायचं?

टिकाऊपणात नागलीचा, म्हणजे नाचणीचा, हात कुणी धरणार नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची ही नागली कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, कीड तिच्या वाटेला फारशी जात नाही. भाकरी करा, आंबील करा, पापड करा. नाशिकमध्ये राहून घरात पाच किलो नागली नसावी याचं मला फार वाईट वाटतं. बाजरी मात्र थोडी थोडी दळा, तिचं पीठ आठवड्यात कडवट होऊ लागतं.

कांदा साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधला, मान वाळून बारीक झालेला. खरिपातला पोळ कांदा टिकत नाही, तो आणा आणि खा. खरी ओढाताण सप्टेंबर ते नोव्हेंबरात होते, जुना संपत आलेला असतो आणि नवा पावसाच्या हातात असतो. २०१९ मध्ये अवकाळीने नवं पीक सडलं आणि डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला. घरी कांदा जाळीच्या क्रेटमध्ये, हवेशीर जागी ठेवा, बटाट्यापासून लांब. आठवड्याला हात फिरवून मऊ पडलेला आधी काढा, एक सडका शेजारचे चार घेऊन जातो.

तेल दोन महिन्यांपेक्षा जास्त भरू नका, खवट होतं. शेंगदाणे थोडेच आणा आणि बुरशी दिसली तर जपून न ठेवता सरळ फेका. गॅस संपला किंवा वीज गेली तर चूल न पेटवता खाता येईल असं काहीतरी हवंच: मुरमुरे, पोहे, फुटाणे, मेतकूट, गूळ. गूळ पावसाळ्यात पाझरतो, तो काचेच्या बरणीत ठेवा. नदीकाठच्या घरांनी कोठी जमिनीवर ठेवू नये. आमच्याकडे गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सामान वर चढवायला वेळ मिळत नाही. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना लिहा, नवं आलं की जुनं पुढे घ्या.

ज्यांना एकदम पोतं परवडत नाही, त्यांनी मन छोटं करू नये. महिन्याच्या किराण्यात दर वेळी एखादा किलो गहू किंवा अर्धा किलो डाळ जास्तीची घ्या, पावसाळ्यापर्यंत बऱ्यापैकी जमते. नाहीतर शेजारच्या तिघीजणी मिळून एक कट्टा घ्या आणि तिथल्या तिथे वजन करून वाटे करून मागा. आमच्याकडे अशा कितीतरी जणी येतात. कट्ट्याचाच भाव लावते मी त्यांना, आणि पिशव्या तेवढ्या घरून आणायला सांगते.