सोसायटीतले सण आणि नास्तिक सभासद

२६ जानेवारीला झेंडावंदन, पाठोपाठ सत्यनारायण, आणि खर्च मेंटेनन्समधून. महाराष्ट्रातल्या बऱ्याच सोसायट्यांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. याला हरकत घ्यायची तर सभेत देव आहे की नाही या वादात शिरू नका. तिथे हात वर करून हरणंच आहे. बोला पैसा, जागा आणि आवाजावर.

आधी पैसा. संविधानाचं कलम २७ एखाद्या धर्मासाठी कर लादायला मनाई करतं खरं, पण ते सरकारला लागू आहे, सोसायटीला थेट नाही. ते फडकवलंत तर सभेतला एखादा वकील तुम्हाला तिथेच खाली बसवेल. त्याऐवजी ठराव मांडा: कुठल्याही धर्माच्या कार्यक्रमाचा खर्च ऐच्छिक वर्गणीतून, पावतीपुस्तक आणि हिशेब वेगळा, रोषणाईला सब-मीटर. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते, म्हणून सचिवांना पत्र त्याच्याही आधी देऊन पोच घ्या. ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकललेला ठराव बहुधा पुढच्या सभेवर जातो. वर्गणी न देणाऱ्यांची नावं फलकावर किंवा ग्रुपवर टाकायची नाहीत, हेही ठरावातच लिहून घ्या. ऐच्छिक वर्गणी सक्तीची होते ती या यादीमुळे.

मंडप जिने आणि अग्निशमन गाडीची वाट सोडून. परवानगीत उभारायची आणि काढायची, दोन्ही तारखा हव्यात. काढायची तारीख नसली की लॉबीत आधी फोटो येतो, मग चौरंग, मग संगमरवरी देवघर. आणि त्याला हात लावायला कुणी धजत नाही.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेव्हा ११२ ला फोन लावण्याआधी आजचा दिवस त्यात नाही ना, ते बघा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतंच.

हॉलला एकच दरपत्रक ठेवा: आरती, इफ्तार, नाताळ, वाढदिवस, विवेकवादी व्याख्यान, सगळ्यांना तेच भाडं, तेच डिपॉझिट. आरतीला होकार आणि इफ्तारला नकार मिळत असेल तर मात्र सभेत भांडा, तुम्ही दोन्हींना जाणार नसलात तरी. वॉचमनला मंडपाच्या कामाला जुंपू नका, त्याच्या कामाच्या यादीत ते नसतं. दारावर आलेला प्रसाद घ्या किंवा हसून नको म्हणा, त्याला ठराव लागत नाही.