ग्रॅहम गुणोत्तरावर किती विसंबायचं?

भूमिगत कोळसा खाणीत व्हेंटिलेशनच्या कामाला लागलात की लगेच ग्रॅहम गुणोत्तराचं (कोळसा आतून तापतोय का, हे हवेच्या सॅम्पलवरून सांगणाऱ्या आकड्याचं) कोष्टक हातात पडतं: ०.५ च्या आत ठीक, १ म्हणजे कोळसा तापतोय, २ गंभीर, ३ म्हणजे आग. ते पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. फसगत पुढे होते.

सूत्र माहीतच आहे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) गुणिले १००, भागिले ऑक्सिजनची तूट, सगळे आकडे टक्क्यांत. तूट म्हणजे हवेतला खर्ची पडलेला ऑक्सिजन: ०.२६५ × नायट्रोजन, वजा ऑक्सिजन. रिटर्नमध्ये (खाणीतली वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या वाटेत) हवा भरपूर असली की ही तूट इवलीशी उरते. समजा ऑक्सिजन २०.८०, नायट्रोजन ७९.१२, सीओ १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), म्हणजे ०.००१ टक्के. तूट ०.१६७, गुणोत्तर ०.६. आता ऑक्सिजनचं रीडिंग चुकून २०.९० आलं. नायट्रोजन बहुधा वजाबाकीनेच काढतात, म्हणून तो ७९.०२ झाला. तूट ०.०४, गुणोत्तर थेट २.५! खाणीत तसूभरही फरक नाही. चूक उलट्या दिशेला झाली, तर तेच ०.३४ दिसतं आणि तापणारा कोळसा कागदावर थंड होतो. हे जास्त घातक. तूट ०.३ टक्क्याच्या खाली असेल, तर नुसत्या गुणोत्तरावर निर्णय घेऊच नका.

अशा वेळी सीओ मेक, म्हणजे मिनिटाला एकूण किती लिटर सीओ तयार होतो ते काढा: पीपीएम × हवा (घनमीटर प्रति सेकंद) × ०.०६. दहा पीपीएम आणि २० घनमीटर हवा असेल तर मिनिटाला १२ लिटर. हवा ३० केली की पीपीएम ७ च्या खाली येतो आणि सगळे निर्धास्त होतात. मेक मात्र १२ च असतो. हवा आणि सॅम्पल एकाच जागी, एकाच वेळी मोजा. एकटा आकडा मुका असतो. रोजचा आलेख काढा, काही आठवड्यांत नजर बसते. घाबरायचं कारण नाही.

सीओ वाढला की आधी डिझेल गाडी आणि ब्लास्टिंगची वेळ तपासा. बॅटरी चार्जिंगजवळ सेन्सर हायड्रोजनलाही सीओ समजतो.

माझं मत विचाराल, तर ॲपमधला हिरवा दिवा दाखवणाऱ्या साहेबापेक्षा घामेजलेलं छत दाखवणारा जुना मायनिंग सरदार (खाणीतला पर्यवेक्षक) गाठा. तापलेल्या कोळशाची वाफ पुढच्या थंड छतावर जमते, हे तो वास येण्याआधी ओळखतो.

सीलमागचं (बंद केलेल्या भागाच्या भिंतीआडच्या हवेचं) सॅम्पल भिंतीतल्या नळीतून, बॅरोमीटर उतरत असताना घ्या. चढत असेल तर सील बाहेरची हवा आत ओढतं आणि नळीत तीच येते. नळीतली जुनी हवा आधी पूर्ण काढून टाका, आणि नोंदीत बॅरोमीटरचं रीडिंग लिहाच.