कुत्रं ओकतंय: थांबायचं की डॉक्टरकडे न्यायचं?

गवत खाऊन सकाळी पिवळा फेस टाकला आणि तासाभरात शेपटी हलवत भाकरी मागायला आलं, तर सोडून द्या. मोठं कुत्रं एक-दोनदा ओकलं पण तरतरीत आहे, तर 8-10 तास खायला देऊ नका, मग मऊ भात द्या.

पिल्लू ओकतंय आणि घाण वासाचं, रक्ताळ हगतंय, तर पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) समजून लगेच निघा. ओकारीत रक्त असलं तरी निघा. कुत्रं ओकाऱ्या काढतंय, पडत काहीच नाही आणि पोट टम्म फुगलंय, तर मध्यरात्र असली तरी निघा. जठराला पीळ पडला असेल तर सकाळ उजाडेपर्यंत ते राहत नाही. फवारणीच्या दिवसांत लाळ गळतेय, अंग थरथरतंय, तर विषबाधाच धरून चला.

घोळ होतो तो यांच्या मधल्या उलट्यांत. आमचा काळ्या शेतातल्या आखाड्यावर रात्रभर ओकत होता आणि मी बॅटरी मारून ओकारीचा रंग बघत बसलो. शेजारी म्हणाला, पित्त झालंय. काळ्या लपालपा पाणी प्यायचा म्हणून मी खूश, भांडं भरतच राहिलो. दहा मिनिटांत तेवढंच पाणी बाहेर. सकाळी त्याला उभं राहता येईना. परभणीला नेऊन सलाईन लावलं तेव्हा वाचला.

रंग बघू नका, पाणी टिकतंय का ते बघा. भांडं उचलून ठेवा. दोन-तीन चमचे पाणी द्या आणि अर्धा तास घड्याळ लावा. टिकलं तर पुन्हा तेवढंच. तेही पडलं तर निघा.

मग ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवा. ओली, निसरडी लागली तर ठीक. बोट चिकटलं तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा डाग 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे डाग दिसतच नाही. काळ्याच्या तशाच होत्या. अशा वेळी खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट पांढरा असेल तर थांबू नका. मानेची कातडी चिमटीत धरून बघायला सगळेच सांगतात, पण म्हाताऱ्या, हडकुळ्या कुत्र्यात ती एरवीही सावकाशच बसते.

मिठाचं पाणी पाजून आणखी ओकवू नका. घरातली तापाची, दुखण्याची गोळी तर अजिबात नको.

निघताना ओकारीचा फोटो काढा. विषाचा संशय असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घ्या. डबा सापडला नाही तर बांधाला बांध असलेल्याला विचारा, काय फवारलंय. तो आधी काहीच नाही म्हणेल, पुन्हा विचारा.