संगणक मंदावला म्हणजे व्हायरसच असे नाही
आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती ताण देतोय ते दाखवणारी खिडकी) उघडा. डिस्क (भरलेली जागा नव्हे, तिच्यावरचा कामाचा ताण) १०० टक्क्यांवर दिसली तर बहुतेकदा अपडेट चालू असते किंवा रॅम अपुरी पडत असते.

अँटिव्हायरस आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूच होत नसेल, तर मात्र संशय रास्त आहे. विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचे (विंडोजच्याच अँटिव्हायरसचे) ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटे लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने व्हायरसला लपणे अवघड जाते.

पडदाभर ‘या नंबरवर फोन करा’ असा इशारा म्हणजे निव्वळ वेबपान. ब्राउझर बंद करा, फोन मुळीच करू नका.

खरी घाई एकाच वेळी: फायलींची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे) बदलून त्या उघडेनाशा झाल्या, म्हणजे फायली कुलूपबंद करणारा व्हायरस (रॅन्समवेअर) शिरल्याची शक्यता दिसली, की तत्काळ नेटवर्क तोडा आणि बॅकअपची ड्राइव्ह जोडू नका, नाहीतर तीही कुलूपबंद होईल.