पहिला क्वाडकॉप्टर घेताय? आधी सेन्सर काट्यावर ठेवा

मागच्या डिसेंबरात बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीकडे मामांच्या शिवारात माझा पहिला क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, उसात पडला. शोधायला तीन दिवस लागले. उसाच्या पाल्याने दोन्ही हात कोपरापर्यंत कापले, एक मोटार गेली, कॅमेऱ्याची मान मोडली. आता दुसरा जुळवतोय, त्यासाठी ही यादी. माझ्यासाठी आहेच, पण ज्यांना पहिल्यांदाच घ्यायचा आहे आणि त्यावर एखादा छोटा सेन्सर चढवायचा आहे, त्यांनी पैसे देण्याआधी ही वाचावी.

ड्रोन सर्वांत शेवटी ठरवायचा. आधी सेन्सर. काय मोजायचंय ते स्वतःला नीट सांगा. मला मोजायचा होता गुऱ्हाळाचा धूर. हिवाळ्यात निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि ऊबदार थर वर राहतो. पहाटे चुलवाणात चिपाडं टाकली की धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरतो, गावावर चादर घातल्यासारखा. तो नेमका किती उंचीवर अडतो, त्याच्या वर तापमान किती वाढतं, हे मला आकड्यांत बघायचं होतं. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: धुळीचे बारीक कण मोजणारा एक सेन्सर आणि तापमान-आर्द्रता-हवेचा दाब मोजणारा दुसरा. तुमचं काम वेगळं असेल. भाताच्या खाचरावरची आर्द्रता असेल, खानापूरकडच्या वीटभट्ट्यांचा धूर असेल. जे असेल ते आधी टेबलावर मांडा.

आणि त्याचं वजन करा. सेन्सरसकट सगळ्याचं वजन करा. मी केलं नव्हतं.

कणांचा सेन्सर ४२ ग्रॅमचा, हे विक्रेत्याच्या पानावर वाचलं आणि मनात तेवढाच आकडा धरला. माझा तयार, घडीचा ड्रोन २४९ ग्रॅमचा. म्हटलं, चाळीस ग्रॅमनी काय होतंय. पडल्यानंतर बेळगावच्या शहापुरात ओळखीच्या सोनाराकडे जाऊन एकेक वस्तू काट्यावर ठेवली. सेन्सर ४२. त्याला वीज द्यायला घेतलेला सेल ४६. नोंद करणारं बोर्ड १०. व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल, वायरी आणि बटण मिळून १४. हे सगळं ज्यात बसवलं ती प्लास्टिकची साबणाची डबी ३१. चिकटपट्टी ५. बेरीज १४८ ग्रॅम. म्हणजे २४९ चा ड्रोन ३९७ ग्रॅम घेऊन उडत होता.

हा हिशोब नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. हवेत एका जागी तरंगायला लागणारी ताकद वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढते. पंखे तेच असतील तर वजन जितक्या पट, त्याच्या दीड घाताइतकी ताकद लागते. माझं वजन १.६ पट झालं आणि ताकद लागली दुप्पट. बॅटरी नुसती निम्म्या वेळात संपत नाही, तिच्यावर ताण येऊन व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि ड्रोन आपणहून उतरायला लागतो. खाली काय आहे ते तो बघत नाही. माझ्या खाली दहा-बारा फुटी ऊस होता. शिवाय डबी मी पोटाला, जरा एका बाजूला चिकटवली होती. त्यामुळे त्या बाजूच्या दोन मोटारी सतत जास्त फिरत होत्या. आणि पोटाखाली जमीन ओळखणारा जो डोळा असतो तोही डबीने झाकला होता. एका डबीने तीन घोळ केले.

मामा गुळाचा एकेक रवा काट्यावर ठेवल्याशिवाय गाडीत चढवत नाहीत. ड्रोन सापडला तेव्हा त्यांनी तो हातात तोलून बघितला आणि एवढंच विचारलं, "वजन केलेलास काय रे ह्याचं?" मला उत्तर नव्हतं.

तर: सेन्सर, बोर्ड, वायर, डबी, स्क्रू, दांडी, टेप, जे जे हवेत जाणार ते सगळं एकत्र ठेवून वजन करा. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा चालतो. अंदाज नको. पानावरचा आकडा नको.

आता ड्रोन. कॅमेऱ्याचा तयार, घडीचा ड्रोन उडवायला सोपा असतो, पण तो ओझं वाहायला केलेला नसतो. नुसती हौस आणि फोटो हवे असतील तर तो घ्या. सेन्सर चढवायचा असेल तर ४५० मापाची फ्रेम बरी. मापाचा आकडा म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटारींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. तिच्यावर दहा इंची पंखे बसतात, मधे पट्टीला भोकं असतात, सेन्सर स्क्रूने आवळता येतो, आणि हात मोडला तर तेवढाच बदलता येतो. फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, असा घ्या ज्यावर आर्डूपायलट हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर चालतं. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्यात राहते आणि ती पुढे सेन्सरच्या आकड्यांशी जुळवता येते.

मोटारी निवडताना पुन्हा वजन. फ्रेम, मोटारी, कंट्रोलर, जीपीएस, रिसीव्हर, बॅटरी आणि सेन्सरचा पूर्ण संच, सगळ्याची बेरीज करा. चारही मोटारींचा मिळून जोर त्या बेरजेच्या निदान दुप्पट हवा. समजा एकूण १३०० ग्रॅम भरले, तर २६०० ग्रॅमचा जोर, म्हणजे एका मोटारीला ६५०. त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इथली हवा साधारण सात टक्के विरळ. म्हणून एका मोटारीमागे ७०० धरा. मोटार विकणारा पंखा आणि बॅटरीनुसार जोराचं कोष्टक देतो, ते मागून घ्या. जो देत नाही त्याच्याकडून मोटार घेऊ नका.

बॅटरी मोठी घेतली की जास्त वेळ उडतो असं वाटतं, पण बॅटरीलाही वजन आहे आणि ते त्याच बेरजेत धरायचंय. ५००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास) बॅटरी असेल तर त्यातली ८० टक्केच वापरायची, म्हणजे ४ अँपिअर-तास. तरंगताना १६ अँपिअर ओढत असेल तर १५ मिनिटं होतात. मी ११ व्या मिनिटाला उतरवणार. वारा असेल तर नवव्या.

सेन्सर कुठे बसवायचा हेही वजनाइतकंच महत्त्वाचं. पंख्यांच्या खाली जी हवा असते ती वरून ओढून आणलेली असते. तिथे मोजाल तर भलत्याच उंचीची हवा मोजाल. म्हणून सेन्सर वर, मधोमध, छोट्या दांडीवर. पंख्याच्या कक्षेबाहेर आडव्या हलक्या काठीवरही चालतो, पण मग समोरच्या बाजूला तेवढाच तोल द्यावा लागतो आणि वजन वाढतं. तापमानाच्या सेन्सरला ऊन लागू नये म्हणून पांढरी, भोकं असलेली टोपी हवी. माझी साबणाची डबी बंद होती, तापमानाचा सेन्सर तिच्यात ठेवला असता तर त्याने डबीच्या आतलंच तापमान मोजलं असतं. आकडे मोजताना वर चढतानाचे धरा. उतरताना ड्रोन स्वतःच घुसळलेल्या हवेतून खाली येतो. प्रत्येक उंचीवर अर्धा मिनिट थांबा, सेन्सरला स्थिरावायला वेळ लागतो.

सेन्सरची वायर जीपीएस आणि होकायंत्रापासून लांब ठेवा. वीज वाहणाऱ्या तारेमुळे होकायंत्र चुकतं आणि ड्रोन गोल गोल फिरायला लागतो. सेन्सरला वेगळा सेल लावायची गरज नाही, मुख्य बॅटरीवरूनच ५ व्होल्ट काढून देणारं छोटं मॉड्यूल मिळतं. माझे ४६ ग्रॅम तिथेच वाचले. सगळं बसवून झालं की दोन बोटांवर फ्रेम मधोमध उचलून बघा. कलली तर सेन्सर सरकवा.

कायद्याचं. हे टाळू नका, आपल्याकडे तर अजिबात नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. इथेही एकूण वजनच धरतात, सेन्सरसकट. माझा २४९ चा नॅनो डबी चिकटवल्यावर मायक्रो झाला होता, आणि मला पत्ताही नव्हता. हौसेसाठी उडवायला नॅनो आणि मायक्रो दोन्हींना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. फी १०० रुपये आहे. मायक्रोला तृतीय पक्ष विमाही लागतो. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तयार असो की सुट्या भागांचा पूर्ण संच. सुटे भाग वेगवेगळे आणायला मात्र हरकत नाही. कुणी "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हणाला तर निघून या.

आणि नकाशा, कुठे उडवता येतं ते रंगीत पट्ट्यांत दाखवणारा सरकारी. सांबऱ्याचा विमानतळ शहरापासून जेमतेम १० किलोमीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा लागतो, परवानगीशिवाय फूटभरही वर जायचं नाही. मुतगा, बाळेकुंद्रीकडच्या शेतकऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. लष्करी जागेच्या आसपास पेटी उघडूसुद्धा नका. भीमगड अभयारण्यात नाही, धरणाच्या भिंतीवर नाही. सरकारी डिजिटल नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, तो बदलतो.

चार्जिंग: प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जर, ५००० च्या बॅटरीला ५ अँपिअरपर्यंत, समोर बसून. रात्री लावून झोपायचं नाही. एका सेलचं पूर्ण भरलेलं व्होल्टेज ४.२, ठेवून द्यायचं असेल तर ३.८ च्या आसपास. फुगलेली बॅटरी वापरू नका, "एकदाच" म्हणूनही नाही.

पंखे दोन उलटे फिरणारे, दोन सुलटे, खुणा बघून लावा. मोटारीची चाचणी पंखे काढूनच. जास्तीचे दोन जोड घ्या.

शिकताना सेन्सर चढवू नका. आधी रिकामा ड्रोन, उघडा माळ, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ. जूनपासून आपल्याकडे जो पाऊस आणि वारा असतो त्यात पहिलं उड्डाण करायचं मनातही आणू नका, खानापूर-जांबोटीकडे तर नाहीच. दहा उड्डाणं नीट झाली की सेन्सरच्या संचाएवढे तांदूळ काट्यावर मोजा, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि सेन्सरच्या जागी आवळून उडवा. पडला तर तांदूळ सांडतील. पुरचुंडीसकट तो किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. दुकानदाराने सांगितलेला वेळ रिकाम्या ड्रोनचा असतो. वजन घेऊन उडवल्याशिवाय खरा वेळ कळत नाही. सेन्सर नंतर.

सिग्नल तुटला तर ड्रोन आपणहून परत येतो, त्या परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त ठेवा. नारळ, निलगिरी मोजा. जीपीएस लागल्याशिवाय उचलू नका. शेजारच्या शेतकऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. विहिरीवर, अंगणावर न्यायचा नाही. नोंदणीचा कागद छापून खिशात.

पिशवीत: पंखे, स्क्रू ड्रायव्हर, टेप, पाणी, मेमरी कार्ड, आणि काटा. काटा शेतावरसुद्धा न्या, कारण बांधावर उभं राहून आपण ऐनवेळी काहीतरी जास्तीचं चिकटवतोच.

माझा नवा संच काल भरला: कणांचा सेन्सर ४२, तापमानाचा ३, बोर्ड १०, वीज मॉड्यूल आणि वायरी १६, दांडी आणि टोपी २०. एकूण ९१ ग्रॅम, मागच्यापेक्षा ५७ कमी. सगळ्यासकट ड्रोन १२८६ भरणार आहे. त्या हिशोबाने मोटारी मागवल्यात. त्या आल्या की पंधरा दिवस रिकामं उड्डाण, मग ९१ ग्रॅम तांदूळ.