भरतीची वेळ पाहून दिवाडीला कसे जावे

जुन्या गोव्यातील चर्च पाहून परत फिरणाऱ्या बहुतेकांना मांडवीच्या पलीकडे दिसणारी सखल हिरवी पट्टी म्हणजे दिवाडी बेट आहे, आणि तिथे आजही नदीच्या पातळीखालच्या जमिनीत भात पिकते, याची कल्पना नसते. बेट पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर, तिसवाडी तालुक्यात आहे. तिथे पोहोचणे सोपे आहे. जुने गोवे किंवा रायबंदर येथून फेरीबोट मिळते, उत्तरेकडून येणाऱ्यांना डिचोली तालुक्यातील नारवे येथून तिसरी फेरी आहे, आणि पायी जाणाऱ्यांना तिकीट लागत नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळी स्थानकावर उतरावे. अवघड गोष्ट आहे ती योग्य वेळी पोहोचण्याची, कारण दिवाडीची शेती घड्याळाप्रमाणे नव्हे तर भरती-ओहोटीप्रमाणे चालते, आणि चुकीच्या वेळी गेलेल्याला केवळ एक शांत, सुंदर आणि काहीही न सांगणारे गाव दिसते.

ही शेती खाजन जमिनीवरची आहे. गोव्यात डोंगरउतारावरच्या शेताला मोरड, मधल्या वालुकामय शेताला खेर आणि खाडीकाठच्या सखल, खारट शेताला खाजन म्हणतात. खाजन हे नदीकडून बांध घालून मिळवलेले असते. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांनी रचलेला बांध खारे पाणी बाहेर ठेवतो, आणि बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा मारा स्वतःवर घेते. आतले पाणी बाहेर जावे आणि बाहेरचे आत येऊ नये, यासाठी बांधात ‘मानस’ बसवलेली असते. मानस म्हणजे लाकडी दारांची झडप. ओहोटीला नदीची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने दारे बाहेरच्या बाजूस उघडतात, आणि भरती चढू लागली की त्याच नदीचे पाणी ती लोटून बंद करते. यासाठी विजेची गरज पडत नाही, आणि रोज दोनदा दारे उघडण्यासाठी माणूसही लागत नाही. दिवाडीत एकच गोष्ट पाहायची असेल, तर ही पाहावी.

त्यासाठी तिथी निवडावी लागते. कोकणात जुना हिशोब असा आहे की तिथीच्या अंकाला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले तीन पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी सुकती येते, त्यामुळे पंचमीला सकाळी दहाच्या सुमारास पाणी सर्वांत खाली असते. हा हिशोब तासाभराने इकडेतिकडे होऊ शकतो, शिवाय दिवाडी समुद्रापासून आत असल्याने तिथे मुरगाव बंदरापेक्षा भरती उशिरा पोहोचते. म्हणून मुरगावचे छापील कोष्टक मिळाल्यास ते पाहून त्यात थोडी वेळ मिळवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि चढउतार मोठा होतो, तर अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी जेमतेम हलते. सकाळी जाणाऱ्यासाठी तृतीया ते पंचमी उत्तम. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काहीच विचारात न घेता अष्टमीला भर पहाटे, म्हणजे नेमका भरतीला, मानशीसमोर जाऊन उभा राहिलो आणि बंद दारांकडे तासभर पाहत बसलो; दार बंद असणे हेही तिचेच काम आहे, हे तेव्हा सुचले नाही.

पंचमीचे उदाहरण पुढे नेले तर साडेआठपर्यंत बेटावर पोहोचावे. फेरीतून उतरल्यावर रस्ता खाजनांमधून टेकडीवरच्या पियदाद गावाकडे जातो. वाटेत भेटणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला ‘मानस खंय आसा?’ असे कोंकणीतून विचारावे. वाट तर कळतेच, शिवाय पुष्कळदा सोबत येऊन दाखवणाराही मिळतो. मानशीपाशी पोहोचल्यावर आधी आतल्या चराकडे बघावे. त्याला ‘पोंय’ म्हणतात. शेताचे पाणी याच्यातूनच मानशीपर्यंत येते, आणि मासळीही इथेच वाढते. पाणी वाहत असताना दारांच्या कडेला फेस जमतो, वाळलेली पाने त्यातून सुसाट निघून जातात आणि ओल्या लाकडाचा हलका धडधडाट ऐकू येतो. सुकती उलटल्यानंतरही थांबावे. प्रवाह मंदावतो, पाने थबकतात, काही काळ एकाच जागी गरगरतात, आणि मग दार जवळजवळ न कळत मिटते.

हंगामाप्रमाणे मानशीचे काम बदलते. जूनमधील पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघाल्यावर कोरगुट नावाचे भात घेतले जाते, जे खारटपणा आणि साचलेले पाणी दोन्ही सोसते. कापणी ऑक्टोबरच्या आसपास होते. त्यानंतर खारे पाणी आत घेतले जाते आणि त्याबरोबर येणारी कोळंबी, शेवटो व चोणक हे मासे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मानशीवर जाळे लावून पकडतात. मासेमारीच्या या हक्काचा लिलाव होतो आणि लिलाव घेणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात, म्हणून जाळ्याला, दोऱ्यांना किंवा मानशीच्या फळ्यांना हात लावू नये आणि विचारल्याशिवाय गळही टाकू नये. बांधावरून एकामागे एक चालावे, कडा मोडू नयेत. कुर्ल्या आणि उंदीर बांधात बिळे करतात, आणि वेळीच न बुजवलेल्या बिळाचे भगदाड झाले तर खारे पाणी शेतात शिरून जमीन हंगामापुरती, कधी त्याहून जास्त काळासाठी, निकामी होते. पूर्वी ही देखभाल गावकारीच्या, म्हणजे पोर्तुगीज काळात कोमुनिदाद म्हटल्या गेलेल्या ग्रामसंस्थेच्या हाती होती. कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. कोणती व्यवस्था बरी, यावर बेटावर प्रत्येकाचे मत आहे आणि पाहुण्याने ते फक्त ऐकावे.

उन्हाच्या वेळी पियदादच्या टेकडीवर चढावे. चर्चच्या आवारातून बेटाचा आकार आणि खाजनांची आखणी एका नजरेत दिसते, आणि दफनभूमीतील छोट्या कपेलात, म्हणजे प्रार्थनाघरात, कदंब राजवटीच्या काळातील दगडी कोरीव छत आजही शाबूत आहे. बेटाच्या नारवे भागात कदंबांच्या सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी मंदिर पाडल्यावर देवाचे लिंग नदीपलीकडच्या, डिचोलीतील त्याच नावाच्या नारव्याला हलवले गेले, आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. शिलालेख तिथे आहे. मराठी वाचकाला हे दोन्ही काठ एका दिवसात जोडायचे असतील तर परतीसाठी नारव्याची फेरी घ्यावी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गेल्यास बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव दिसतो, मात्र त्या दिवशी फेरीला गर्दी असते आणि मानस निवांतपणे पाहणे शक्य नसते.

सोबत पाणी, टोपी आणि चिखलात चालतील असे सँडल घ्यावेत. कोरगुटचा लालसर तांदूळ बहुधा दुकानात मिळत नाही. तो ज्याच्या घरी आहे त्याच्याकडेच विचारावा लागतो, आणि मिळालाच तर ‘देव बरें करूं’, म्हणजे कोंकणीत धन्यवाद, म्हणून घ्यावा. त्याची पेज करायची असेल तर तो रात्रभर भिजत घालावा, कारण साध्या तांदळापेक्षा त्याला शिजायला बराच जास्त वेळ लागतो.