पंकच्या कपड्यांवरून त्याचं राजकारण कसं शोधायचं

पंक ही १९७०च्या दशकातली संगीत आणि पोशाखांची बंडखोर चळवळ. ती म्हणजे थॅचरबाईंविरुद्धचा राग, असं सर्रास लिहिलं जातं. मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या मे १९७९मध्ये. लंडनमध्ये पंक उभं राहिलं तेव्हा सरकार मजूर पक्षाचं होतं, आणि १९७६ साली त्याच सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलर मागितले. म्हणून आधी तारखांची वही घाला. रकाने चार: वस्तू किंवा घटना, तिची तारीख, सांगणारा कोण, आणि त्याने ते कधी सांगितलं. चौथा रकाना गाळू नका. तेव्हा छापलेलं वाक्य आणि वीस वर्षांनी मुलाखतीत निघालेली आठवण एका तागडीत तोलता येत नाहीत.

सुरुवात एका पत्त्यापासून करा: ४३०, किंग्ज रोड, चेल्सी. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड आणि पुढे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा व्यवस्थापक झालेला माल्कम मॅक्लारेन यांचं हे कपड्यांचं दुकान नावं बदलत गेलं. १९७१ साली ‘लेट इट रॉक’, मग ‘टू फास्ट टू लिव्ह, टू यंग टू डाय’, १९७४ साली ‘सेक्स’ आणि १९७६च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’. लेबलवरच्या नावाने कपड्याचा काळ ढोबळ कळतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. जुनी छपाई नव्या नावाखालीही विकली जायची, आणि नंतर नकलांचा सुळसुळाट झाला. कपडा मूळ कोणाकडून आला ही नोंद संग्रहालयाच्या माहितीत सापडली, तरच तारीख पक्की धरा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत वेस्टवुड हे नाव आणि १९७१ ते १९८० ही वर्षं टाकून शोधा.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र कापडावर आहे. १९७४ सालच्या एका टी-शर्टवर मॅक्लारेन आणि त्याचा सहकारी बर्नी ऱ्होड्स यांनी नावांच्या दोन याद्या छापल्या: एका बाजूला नावडते, दुसऱ्या बाजूला आवडते. फोटो मोठा करून प्रत्येक नाव उतरवा आणि पुढे गायक, पुढारी, लेखक, बंडखोर अशी खूण करा. नावडत्यांत मिक जॅगर आणि लिबरल पक्ष शेजारी बसलेले दिसतील. आवडत्यांत स्पेनचा अराजकवादी दुरूती, जहाल स्त्रीवादी लेखिका व्हॅलरी सोलानास, मुहम्मद अली, बॉब मार्ली. तिथेच सेक्स पिस्टल्सचं नावही आहे, आणि त्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला ६ नोव्हेंबर १९७५ला. म्हणजे विचार आणि कापड आधी, गाणं नंतर. हा क्रम हाती लागला की पुढचं बरंच सुटं होतं.

१९७६चा ‘अनार्की’ शर्ट घ्या. त्यावर अराजकाच्या घोषणा आहेत आणि कार्ल मार्क्सचा चेहराही. सुसंगत जाहीरनामा म्हणून तो वाचायला गेलात तर अडकाल. मॅक्लारेन आणि बँडचा चित्रकार जेमी रीड हे दोघे १९६८ साली क्रॉयडनच्या कला महाविद्यालयातल्या ठिय्या आंदोलनात होते. पॅरिसच्या मे १९६८च्या विद्यार्थी-उठावातल्या भिंतींवरल्या घोषणा आणि सिच्युएशनिस्टांची (कला आणि राजकारण एकत्र करणाऱ्या जहाल डाव्या गटाची) पत्रकं शर्टाशेजारी ठेवून वाचा, मग घोषणा अशा का तोडल्या-जोडल्या ते दिसेल.

वर्तमानपत्रं चाळताना १ डिसेंबर १९७६ ही रेघ मारा. त्या संध्याकाळी बिल ग्रंडीच्या टीव्ही कार्यक्रमात सेक्स पिस्टल्सकडून शिवीगाळ झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून दैनिकांनी पंकचं बुजगावणं केलं. त्याआधीचं वर्णन हवं तर संगीत साप्ताहिकं आणि जुलै १९७६ला निघालेलं ‘स्निफिन ग्लू’ हे चाहत्यांनी काढलेलं पंक नियतकालिक पाहा. आपल्याकडची सायक्लोस्टाइल केलेली लघुनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना त्याचा ओबडधोबड, उतावळा चेहरा लगेच ओळखू येईल. साप्ताहिकावरची तारीख शनिवारची असली तरी अंक दोन-तीन दिवस आधी बाजारात येई. घटनांची जुळणी करताना हे धरा.

स्वस्तिकाच्या बाबतीत घाई फार नडते. काहींनी नाझी चिन्ह निव्वळ धक्का द्यायला मिरवलं, पण रस्त्यावर तेव्हा नॅशनल फ्रंट हा वंशवादी, अतिउजवा पक्ष खरोखर वाढत होता. त्यामुळे फोटोचा महिना नोंदवा, आणि तोच माणूस ३० एप्रिल १९७८च्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या रॉक अगेन्स्ट रेसिझम या वंशवादविरोधी संगीत चळवळीच्या मेळ्याच्या वेळी कुठे उभा होता, तेही शोधा. फाटक्या शर्टाचं श्रेयही सरसकट लंडनला देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल हा गायक तसे शर्ट आधीच घालत होता, आणि १९७५च्या सुरुवातीला न्यूयॉर्क डॉल्स या बँडचं काम पाहताना मॅक्लारेनने ते तिथेच पाहिले होते.